साडूचा फोटो, माझा नंबर

पळस्प्याच्या अलीकडे, हायवेला लागून, माझं लग्नाचं लॉन आहे. मिठागरावर राबणाऱ्या बापाचा मी मुलगा. लोकांच्या दारात मांडवाचे बांबू रोवत मोठा झालो आणि जमिनीचे भाव चढायच्या आधी तुकड्याला तुकडा जोडून ही जागा केली. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या वेबसाईटवर ते कुठेच नव्हतं. तिथे माझ्या साडूचा फोटो होता. फेटा बांधलेला, हसरा. आणि त्याखाली बुकिंगसाठी त्याचाच मोबाईल नंबर.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. काही वर्षं आम्ही भागीदार होतो. जागा माझी, तोंड त्याचं. तो गोड बोलतो आणि मी तडकतो, म्हणून फोन घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. भागीदारी तुटली ती जेवणाच्या ठेकेदारावरून. तपशील देत नाही. दिला तर मला पुन्हा राग येईल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. तो चिरनेरकडे आपल्या गावी गेला आणि मांडवाचा धंदा करू लागला. नंबर मात्र वेबसाईटवर तसाच राहिला.

मग व्हायचं असं, की लग्नाची पार्टी नेटवर माझं लॉन बघायची, पसंत करायची आणि फोन साडूला लावायची. साडू त्यांना समजावायचा, की लॉन कशाला, हळद आणि लग्न दोन्ही दारातच करा, मी मांडव घालून देतो. माझी हिरवळ बघून आलेलं गिऱ्हाईक त्याच्या बांबूंखाली जेवून जायचं. करंजाड्याच्या एका मुलीच्या बापाने माझ्यासमोरच माझ्या लॉनची तारीफ करत मला हे सांगितलं, तेव्हा मला कळलं. चिडलो. पण युक्ती चांगली होती. मला सुचली असती तर मीही केली असती, आणि तेच जास्त झोंबलं.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो, आणि बुकिंग त्याच्या आधीच होतात. तेव्हा मी ठरवलं: तुळशीच्या लग्नाआधी त्या पानावरचा साडूचा नंबर काढायचा आणि माझा घालायचा. काम एका ओळीचं. त्यासाठी फार तर एक दुपार लागेल असं मी धरलं होतं.

वेबसाईट बनवली होती पनवेलच्या कोर्टाजवळ डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या ताईने. प्रतिज्ञापत्रं टाईप करायची आणि लग्नपत्रिका जुळवायच्या, हा तिचा धंदा. लॉनवरच्या सगळ्या पार्ट्या पत्रिकेसाठी तुझ्याकडे पाठवतो, वेबसाईट फुकट करून दे, असा मी सौदा केला होता आणि जिंकल्यासारखा घरी आलो होतो. ताईने ती पत्रिकेच्याच सॉफ्टवेअरमध्ये, पत्रिकेच्याच साच्यात बसवली. वर गणपती. दोन्ही बाजूंना केळीचे खांब. वधूवरांची नावं असतात तिथे लॉनचं नाव. खाली ‘आपले नम्र’ म्हणून आमची दोघांची नावं, आणि तळाला ‘आमच्या लॉनवर यायचं हं!’ सुरुवातीला लोक फोन करून विचारायचे, लग्न कोणाचं आहे?

मी ताईच्या दुकानात गेलो. म्हटलं, “ताई, एक नंबर बदलायचाय.”

“नाही बदलता येणार, शेठ.”

“का? हात दुखतो का?”

“मूळ फाईल नाही माझ्याकडे. तो कॉम्प्युटर पावसात पाणी शिरलं तेव्हाच गेला. नेटवर दिसतेय ती छापून आलेली पत्रिका समजा. छापल्यावर नवऱ्याचं नाव बदलता येतं का?”

“नवरा पळाला तर बदलतात.”

“तेव्हा नवी छापतात. नवी करून देते. पण आता फुकट नाही.”

एकदा मिळवलेल्या गोष्टीसाठी मी पुन्हा खिशात हात घालत नाही. मूळ फाईल कुठे असेल विचारलं तर म्हणाली, “पेनड्राइव्हवर दिली होती. तुमच्या साडूंकडे.” म्हणजे फोनसारखंच कॉम्प्युटरचं कामही त्याने कधी हातात घेतलं, हे मला कळलंच नव्हतं.

तरीही मी करंजाड्याच्या एका वेबसाईटवाल्या ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या गृहस्थांनी माझं पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, ही वेबसाईट नाही. हे पोस्टर आहे.” मग त्यांनी माझं व्हिजन विचारलं. मी म्हटलं, “नंबर बदलायचाय, हेच व्हिजन.” त्यांनी पॅकेज सांगायला सुरुवात केली तेव्हा मी उठलो. पोस्टर असेल, पण ते माझं आहे.

आता साडूकडे जाणं आलं. आमच्याकडे वर्षभर बोलणं बंद असलेली माणसंही गणपतीत एकमेकांच्या घरी जातात. घरात गणपती बसलेला असताना दारात आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. मी बायकोला म्हटलं, चल, तुझ्या बहिणीकडे दर्शनाला जाऊ. बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघावेत तसं तिने माझ्याकडे पाहिलं, पण साडी बदलायला गेली.

साडू ओटीवरच होता. “या साडू! आज वाट कशी चुकलास?”

“वाट बरोबर हाय. दर्शनाला आलोय.” त्याच्याशी बोलताना माझीही गावची भाषा परत येते.

“मंग डोका टेकव. भाव नको करू देवाशी.”

बहिणी आत गेल्या आणि लगेच हसायला लागल्या. त्यांचं बोलणं कधी बंद नव्हतंच. मोदक आले. मी अर्धा मोदक खाईपर्यंत दम धरला.

“तो पेनड्राइव्ह हाय का रे तुज्याकडं?”

“कंचा?”

“तुला म्हाईत हाय कंचा.”

“हाय ना. देवाऱ्यात ठेवलाय.”

“देवाऱ्यात?”

“त्याच्यानं घरात लक्ष्मी येते. मंग काय चपलांजवळ ठेवू?”

गणपतीसमोर शिव्या देता येत नाहीत, ही अडचण निघताना माझ्या लक्षात आली नव्हती. मी पाणी प्यायलो. तो फोटोतल्यासारखाच हसत होता. मग एकदम आवाज उतरवून म्हणाला, “देतो. तुजा नंबर घाल, माझा काढ. पन माझा फोटो काढायचा नाय.”

“का? तुला काय तिथं हार घालायचाय?”

“पोरीची सोयरीक चाललीय. पनवेलकडची माणसं हायत. त्यांनी पान बघितलाय. फोटो गेला तर म्हणतील, काय भानगड झाली?”

“लॉन तुजा हाय म्हणून सांगितलास त्यांना?”

“मी नाय सांगितला. त्यांनी बघितला.”

समोरच्याची गरज कळली की माझा राग शांत होतो. हा धंद्याने लावलेला गुण. मी अटी घातल्या. फोटो साखरपुड्यापर्यंतच. माझं गिऱ्हाईक दारातल्या मांडवाकडे वळवायचं नाही. त्याने एकच अट घातली: फोटो लहान करायचा नाही. मोदकाच्या ताटावर हात ठेवून शब्द दिले-घेतले आणि पेनड्राइव्ह मी घेतला. त्याच्यावर कुंकू लागलेलं होतं.

ताई प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे घेणार हे माहीत होतं. म्हणून सॉफ्टवेअर आणि पान नेटवर चढवण्याचा पासवर्ड तिच्याकडून गोड बोलून घेतला (मलाही येतं, लागेल तेव्हा) आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर स्वतः बसलो. साडूचा नंबर खोडला. माझा टाकला, त्याच्या आधी ‘मालक’ हा शब्द टाकला आणि अक्षर जरा मोठं केलं. तेवढ्याने चौकट खाली सरकली आणि एक केळीचा खांब साडूच्या फेट्यात घुसला. क्षणभर वाटलं, राहू दे. पण शब्द दिला होता. खांब सरळ केला. पान चढवलं, उघडून पाहिलं. गणपती, खांब, फेटा, माझा नंबर, सगळं जागच्या जागी. मी नातेवाइकांच्या, मंडपवाल्यांच्या आणि भटजींच्या अशा सगळ्या ग्रुपवर कळवून टाकलं: वेबसाईट मी स्वतः अपडेट केली आहे, पाहावी.

भटजींचं उत्तर पहिलं आलं. गणपती दिसत नाही. दुसऱ्याने लिहिलं, नुसते रिकामे चौकोन आहेत, ही काय नवी फॅशन? मग साडूचा फोन. “साडू! माझा फोटो काढलास ना शेवटी? देवासमोर शब्द दिलास रे!”

“काढला नाय! मी इथं तुजाच थोबाड बघत बसलोय!”

“मंग माज्या मोबाईलात कुठं गेला?”

माझ्या कॉम्प्युटरवर त्याचे दातसुद्धा मोजता येत होते. मी फोनवर ओरडलो, तोही ओरडला, आणि मी तसाच ताईच्या दुकानात गेलो. तिने खुर्चीतून न उठता विचारलं, “फोल्डर चढवलंत का?”

“कसलं फोल्डर?”

“चित्रांचं. ते पानाच्या बाजूला तयार होतं. तुम्ही पान तेवढं चढवलंत. तुमच्या कॉम्प्युटरला चित्रं घरातच सापडतात, म्हणून तुम्हाला दिसतात. बाकीच्यांना कशी दिसणार? वरात निघाली आणि नवरदेव घरीच राहिला.”

“मग त्या सॉफ्टवेअरने सांगायला नको?”

“तुम्हाला सांगायची हिंमत त्याची कुठली!”

फोल्डर तिने चढवून दिलं. फुकट दिलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी फोन वाजला, माझ्या नंबरावर. लॉन बघायला येतो म्हणाले. नवरा-बायको आले, साधारण माझ्या वयाचे. हिरवळ पाहिली, स्वयंपाकाची जागा पाहिली, पण भाव विचारेनात. भाव न विचारणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. शेवटी त्या गृहस्थांनी मोबाईल काढून साडूचा फोटो माझ्यासमोर धरला.

“हे आपले कोण?”

“साडू.”

“भागीदार आहेत ना इथे?” मग जरा अवघडून म्हणाले, “त्यांच्या मुलीचं आमच्या मुलासाठी चाललंय. म्हटलं आधी न सांगता येऊन बघावं.”

लग्नाआधी अशी गुपचूप चौकशी सगळेच करतात. मला कोणीतरी हा प्रश्न विचारावा म्हणून मी किती दिवस वाट पाहत होतो. उत्तर तयार होतं, ठेकेदारापासून पेनड्राइव्हपर्यंत, क्रमवार. सोयरीक मोडायला एक शब्द पुरला असता. पण ती मुलगी याच लॉनवर सायकल शिकली. गुडघा फुटला की तिचा बाप फोनवर गोड बोलत असायचा आणि हळद मी लावायचो.

“भागीदार आहेत,” मी म्हटलं. भागीदारी मोडल्याचा कागद आम्ही कधी केलाच नव्हता, त्यामुळे हे अगदी खोटंही नव्हतं. “माणूस गोड आहे. मुलगी त्याच्याहून चांगली आहे.”

बाईंचा चेहरा सैल झाला. तेवढ्यात माझ्यातला धंदेवाला जागा झाला. म्हटलं, लग्न बाहेर कुठे करू नका, इथेच करा, घरचंच लॉन आहे. ते लगेच कबूल झाले. सीझनचा सगळ्यात चांगला मुहूर्त मी त्यांच्यासमोर पक्का केला. साडूला गाठला होता: लग्न मुलीकडचं, भाडं त्याचं, आणि नाही म्हणायची सोय नाही.

संध्याकाळी बायकोला मोठ्या खुशीत सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मुलीचे मावसे ना तुम्ही?”

“मग?”

“मग भाडं कोण कोणाकडून घेणार?” आणि माझं उत्तर यायच्या आत तिने बहिणीला फोन लावला. पलीकडून रडल्याचा आवाज आला, मग हसल्याचा, मग साडूचा. “साडू, मांडव माझा. तुजा एक बांबूसुद्धा लागनार नाय!” मी म्हटलं, माझ्या लॉनवर बाहेरचा मांडव चालत नाही. तो म्हणाला, बाहेरचा कोण? भागीदार हाय मी, तूच सांगितलास.

आता माझा फोन सतत वाजतो. परवा खारघरहून एका मुलाच्या बापाचा आला, त्याच मुहूर्तासाठी. मी म्हटलं, बुक आहे. तो म्हणाला, तुमच्या रेटपेक्षा वाढवून देतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरच्याने स्वतःहून भाव चढवला. मी पुन्हा म्हटलं, बुक आहे. त्याने आणखी चढवला. मी तडकलो आणि फोन ठेवून दिला.