आनंदीबाईंची मधली जागा

जामसंड्याला माझं एका खोलीचं ऑफिस आहे. बाहेर पाटी आहे, ‘दृष्टी कला सल्ला’. पहिल्या महिन्यात चार जण चष्म्याचा नंबर काढायला येऊन गेले. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. किनाऱ्यावर रिसॉर्टं उठली, मुंबईकरांनी बंगले बांधले, आणि भिंतीवर काय लावावं हे कुणालाच कळेना, तेव्हा मी हा उद्योग काढला. समुद्राकडच्या भिंतीवर कागदावरचं चित्र लावू नका, बुरशी धरते. खिळा पितळेचा मारा, लोखंडाचा दोन पावसाळ्यांत गंजतो. आणि देवळाचा फोटो जेवणघरात नको. असलं सांगायचे लोक मला पैसे देतात.

गेल्या जानेवारीत यज्ञेश नावाच्या रिसॉर्टवाल्याने मला त्याच्या जेवणघरातली अठरा फुटी भिंत दाखवली. “सर, इथे इथलं काहीतरी हवं,” तो म्हणाला. मी लगेच सांगितलं, “आनंदीबाई.”

आनंदीबाई वैभववाडीकडच्या एका वाडीतल्या. भात, थोडी काजू, दोन म्हशी. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी गणपतीमागची भिंत नव्याने रंगवतात. जुनं चित्र चुन्याखाली जातं, त्याचं कुणाला दुःख नसतं. आनंदीबाई चाळीस वर्षं स्वतःची भिंत रंगवतात आणि वाडीतल्या आणखी सात घरांच्याही. गेरू, चुना, कोळशाची पूड, हल्ली थोडा दुकानातला निळा. लावणीच्या बायका, एसटी, खेकडे, एका वर्षी तर मास्क लावलेला पोस्टमन. आणि बरोबर मधे कोरी जागा. नागपंचमीला गणपतीचा पाट मूर्तिकाराकडे जातो, त्याआधी त्या तो भिंतीला लावून जागेची रुंदी घेतात. पंधरा वर्षं मी दर चतुर्थीला त्यांच्या घरी जातो, मूर्ती त्या जागेत कशी बसते ते बघायला. एक बोटही इकडेतिकडे नसतं.

मार्चमध्ये त्या नऊ दिवस आमच्याकडे राहिल्या. रोज सकाळी मी त्यांना रिसॉर्टवर सोडायचो. भिंत भरत आली आणि मधे परत तशीच कोरी जागा.

“आनंदीबाई, हय गणपती खंय बसतलो?” मी विचारलं.

“कोण बसतलो ता माका ठावक नाय, गुरुजी. पण भिंत काढली की जागो सोडूचो.”

मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी बायकोला दोनदा सांगितलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कुणाला वाटायला नको.

मे महिन्यात उद्घाटन. आदल्या दिवशी यज्ञेशने भिंतीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. “मधे राहिलंय का काही? अर्धवट दिसतंय.”

या प्रश्नाचं उत्तर देणं हाच माझा धंदा. उत्तर तोंडात तयार होतं. पण त्याची आणखी दोन रिसॉर्टं यायची होती, एक बांद्याला, एक मालवणला, आणि मला गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या आठ्यांची भीती वाटते. मी म्हटलं, “बाईंचं वय झालंय. राहून गेलं असेल. मी भरून देतो.”

संध्याकाळपर्यंत मी तिथे मोर काढला. तीस वर्षं सहावीच्या वर्गाला शिकवला तोच, पिसारा अर्धा उघडलेला. हात जराही थांबला नाही, याचीच जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. शंभर पाहुण्यांसमोर यज्ञेश त्यांना म्हणाला, “आजी, तुमचं मधलं राहिलं होतं, सरांनी पूर्ण केलं हं!” टाळ्या झाल्या. त्यांनी मोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता माझी अब्रू जाणार.

“होय बाबा,” त्या म्हणाल्या. “वय झाला. ऱ्हवला माझ्याकडसून.”

परतताना गाडीत त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. मी माफी मागितली नाही. दोन तासांच्या रस्त्यात मी फक्त पावसाबद्दल बोललो.

पावसाळाभर मी लोकांच्या फ्रेमांवरची बुरशी पुसत फिरलो. जिथे जावं तिथे मोराचं कौतुक. दोन होमस्टेवाल्यांनी “तसलाच” मोर मागितला. मी काढून दिला, इतका निर्लज्ज झालो होतो. यज्ञेश बांद्याच्या भिंतीसाठी फोन करत होता, तो मात्र मी उचलत नव्हतो.

या वर्षी गणपती असताना आनंदीबाईंकडे जायचा धीर झाला नाही. पाच दिवसांचं विसर्जन झाल्यावर सहाव्या दिवशी गेलो. पाट रिकामा होता आणि मागे, चित्रांच्या मधोमध, ती पांढरी जागा. त्यांची नवी सून गौरजा, साताऱ्याकडची, चतुर्थीलाच वाडीत आलेली, ती जागा पहिल्यांदाच उघडी बघत होती.

“आई, हे मधलं रंगवायचं राहिलं का?”

आनंदीबाई विळीवर नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “गुरुजींका इचार. तेंका ठावक आसा.”

गौरजा माझ्याकडे वळली. “राहिलं नाही,” मी म्हटलं. “ही गणपतीची जागा. तो गेला तरी पुढच्या वर्षी येणार, म्हणून सोडलेली. आनंदीबाईंच्या हातून कधी काही राहत नाही. मला हे ठाऊक होतं. मे महिन्यातही ठाऊक होतं.”

गौरजाला मे महिन्याचं काय ते कळलं नाही. विळीचा आवाज थांबला.

“ह्या माका कित्याक सांगतास?” आनंदीबाई म्हणाल्या. “तेका सांगलास?”

“नाही.”

“मगे सांगा.”

मी खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. सुटलो, असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“वर काजीखाली रेंज गावता,” त्या म्हणाल्या आणि परत खवायला लागल्या.

मी गुडघा धरत वर काजूच्या झाडापर्यंत चढलो. पहिल्याच रिंगला यज्ञेशने उचलला. “अहो सर, होतात कुठे? बांद्याला पण मोरच घेऊ या.”

“यज्ञेश,” मी म्हटलं, “तो मोर पुसायचाय. बाईंचं काही राहिलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोललो.”

खाली अंगणात आनंदीबाई हात पुसत उभ्या होत्या, वर माझ्याकडे बघत.