टाकीवरची मुंगी

मुंगीवाल्या पेंटरला माणसं आवडत नसत, आणि त्याने ते कधी लपवूनही ठेवलं नाही. त्याच्या मते दुकानदार सगळे चिकट, साहेब सगळे अडाणी, आणि फ्लेक्स छापणारे तर माणसांत मोजायच्या लायकीचेच नव्हते. लोकांच्या नाकावर राग असतो; त्याच्या नाकावर रागाने कायमचं बिऱ्हाड थाटलं होतं. घरात बायको एकदाच बोलायची आणि मग वाचनालयाच्या नोकरीला निघून जायची. तिला पुस्तकं बरी वाटत, कारण ती उलटून बोलत नाहीत.

पण माणसाचा हात सोन्याचा होता, हे त्याचे वैरीही कबूल करत, आणि वैऱ्यांना तोटा नव्हता. तरुणपणी त्याने पहिली पाटी रंगवली ती एका शिंप्याची. ओल्या रंगात एक मुंगी चढली आणि तिथेच चिकटून मेली. शिंप्याला वाटलं ही पेंटरची सही आहे; त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवली. पेंटरने ते कौतुक गुपचूप खिशात घातलं आणि पुढच्या पाटीवर स्वतःच मुंगी काढली. तेव्हापासून एकतीस वर्षं त्याच्या प्रत्येक कामाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक लाल मुंगी असे, डोकं वर, चढायला निघालेली. काम संपलं की ब्रश पुसायच्या आधी तीन ठिपके, सहा पाय आणि दोन मिशा. त्याला त्यासाठी विचार करावा लागत नसे, जसा कुणाला घराबाहेर पडताना कडी लावायचा विचार करावा लागत नाही.

उंचावरचं काम ही त्याची खासियत. टाक्या, गोदामांच्या भिंती, चार मजली इमारतींच्या बाजू. दोरांना टांगलेल्या फळ्यांच्या झुल्यावर बसून त्याने साबण रंगवले, सिमेंट रंगवलं, बनियन घातलेले पुरुष रंगवले. या कामाची एक खोड आहे. उंचावरचं चित्र खालून बघितलं की आखडतं. म्हणून जितकं वर जाल तितकं लांबवायचं, मान ताणायची, डोकं मोठं करायचं. झुल्यावरून ते चित्र भुतासारखं दिसतं आणि रस्त्यावर उतरलं की जागेवर येतं. त्याच्या गुरूने त्याला हे एक थप्पड मारून शिकवलं होतं, त्यामुळे ते पक्कं बसलं.

मग फ्लेक्स आला. चार वर्षांत पेंटरकडे उरल्या त्या गाड्यांच्या नंबरपाट्या आणि जिन्यात थुंकू नये अशा सूचना. त्याने रंगवलेल्या भिंतींवर लोकांनी प्लास्टिक ताणून बसवलं. तो रस्त्याने जाताना त्यांच्याकडे बघत नसे.

अशात पाणीपुरवठा खात्याने स्पर्धा जाहीर केली. चौकात नवी टाकी उभी राहिली होती, तिच्यासाठी शुभंकर हवा होता. पाणी वाचवा असं सांगणारा एखादा प्राणी. काम स्वेच्छेचं, बक्षीस काहीच नाही. मात्र निवडलेलं चित्र टाकीवर रंगवणार आणि खाली चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिणार. पेंटरने ती जाहिरात तीनदा वाचली. जन्मभर त्याने दुसऱ्यांचा माल आणि दुसऱ्यांची नावं आभाळात चढवली होती. हात थरथरायला लागायच्या आत एकदा तरी स्वतःच्या डोक्यातलं चित्र तिथे वर असावं आणि खाली आपलं नाव असावं, एवढंच त्याला हवं होतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. फुकट काम करणाऱ्यांना तो आजवर गाढव म्हणत आला होता.

तीन आठवडे त्याने स्वयंपाकघरातलं टेबल अडवून ठेवलं. चित्र होतं पाणमांजराचं. बायकोने वाचनालयातून प्राण्यांचं जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं. पुरं झाल्यावर तिने बघितलं आणि याच्या मानेला सूज आली आहे का, असं विचारलं. पेंटरने तिला फरशीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर चढून कागद छताला टेकवून धरला. तेव्हा तिला ते दिसलं: ओलं, खट्याळ, मान वळवून थेट तिच्याकडे बघणारं. ती फरशीवरच इकडून तिकडे सरकून बघत राहिली. मग म्हणाली, की मागच्या बाजूला दोन ओळी लिहा, कागद उंचावर लावून बघा म्हणून.

"ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही," पेंटर म्हणाला, "आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही."

"अहो, सगळी माणसं या दोघांच्या मधलीच असतात," बायको म्हणाली आणि कामाला गेली.

त्याने ओळी लिहिल्या नाहीत. महिन्याभराने कागद परत आला. त्यावर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलं होतं आणि सोबत चिठ्ठी होती: सहभागाबद्दल आभार, प्राण्याचे डोके व मान शरीराच्या मानाने अवास्तव मोठी आहेत, प्रमाणबद्धतेचा सराव करावा. पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं ज्याने डोळ्याने माप घेतलं त्याला सराव करा म्हणून सांगणारे हे कोण टिकोजीराव? त्यात त्याचा मेहुणा, जो झुल्याचा दोर धरायला त्याच्याबरोबर असायचा, खात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून आणखी एक बातमी घेऊन आला. एका परीक्षकाने विचारलं होतं, की हा जिराफ पाण्यात पडलाय का, आणि सगळे पोट धरून हसले होते. मेहुण्याला ही बातमी पोटात ठेवता आली असती. पण त्याच्या पोटात आजवर काहीच राहिलेलं नाही.

निवडून आला होता एक बेडूक. जाहिरात कंपनीतल्या एका मुलीने तो कॉम्प्युटरवर काढला होता. पेंटर मुद्दाम तो बघायला खात्याच्या कचेरीत गेला, शिव्या द्यायला काहीतरी सापडेल म्हणून. हिरवा, गुबगुबीत, दोन्ही हातांनी नळ घट्ट बंद करणारा, आणि डोळ्यांत असा भाव की नळ गळतोय ही जणू त्याच्या एकट्याची जबाबदारी. बेडूक चांगला होता. पेंटरला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

आठ दिवसांनी खात्याच्या साहेबांनी त्यालाच बोलावणं पाठवलं. गोल टाकीवर फ्लेक्स बसत नाही, आणि त्या उंचीवर हाताने रंगवणारा दुसरा कुणी उरला नव्हता. याच माणसाने स्पर्धेत चित्र दिलं होतं हे साहेबांच्या गावीही नव्हतं. त्यांनी बेडकाचा कागद पुढे सरकवला आणि बजावलं, की यात केसाचाही फरक करायचा नाही, आपली अक्कल चालवायची नाही. पेंटर कागदाकडे बघत राहिला आणि मग इतक्या नम्रपणे बरं म्हणाला, की त्याला ओळखणारं कुणी तिथे असतं तर सावध झालं असतं.

बायको सावध झालीच. रागावून वर चढू नका, एवढं ती म्हणाली. तो म्हणाला, मी कुठे रागावलोय? आणि झुल्याच्या फळ्या तपासायला लागला.

पहिल्या दिवशी ती मुलगी टाकीपाशी आली. सायकलवरून आली होती, घामाघूम झाली होती, हातात गुंडाळलेला मोठा कागद होता. तिने मान मागे टाकून टाकी खालपासून वरपर्यंत बघितली. मग पेंटरजवळ आली.

"काका, एवढ्या उंचावर काढताना काही बदलावं लागतं का? मला फक्त पडद्यावरचं कळतं."

गेली एकतीस वर्षं कुणी तरी हे विचारावं म्हणून तो थांबला होता. ना दुकानदाराने विचारलं होतं, ना साहेबाने, ना परीक्षकाने. त्याने तिच्या चेहऱ्यावर कुठे थट्टा आहे का ते शोधलं. ती सापडली नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. थट्टा असती तर त्याचं काम सोपं झालं असतं.

"काही नाही," तो म्हणाला. "कागदावर आहे तसंच."

तिने त्याचे मनापासून आभार मानले.

अकरा दिवस काम चाललं. कागदावर चौकोन आखले, तेवढेच चौकोन खडूची पूड लावलेल्या दोरीने टाकीवर फटकारले, आणि एकेक चौकोन असा उतरवला की सुईचं टोक शिरायला जागा नव्हती. इतकं इमानदार काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. एरवी तो दिवसातून तीनदा खाली उतरून समोरच्या फुटपाथवरून काम बघत असे. या वेळी तो एकदाही गेला नाही. सहाव्या दिवशी मेहुणा खालून ओरडला, की पोट फार मोठं दिसतंय आणि वर काही उरतच नाही. पेंटरने वरूनच त्याला सांगितलं, की तू दोर धर, बघायचं काम माझं आहे. मनात मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. साहेबांना केसाचाही फरक नको होता ना, मग घ्या.

शेवटच्या दिवशी बेडकाखाली त्याने मुलीचं नाव लिहिलं, तेही कागदावर होतं तसंच. ऊन तापलं होतं, मान अवघडली होती. त्याने ब्रश पुसला आणि झुला खाली सोडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर काढले आणि चौकात माणसं जमली. साहेब आले, त्यांच्याबरोबर स्पर्धेचे परीक्षक आले, मुलगी आली, पलीकडे फुटपाथवर बायकोही येऊन उभी राहिली. वर टाकीवर पोटच पोट होतं. त्याखाली दोन जाड पाय, आणि पार वर, पोटावर कुणी दोन वाटाणे ठेवून विसरून जावं, तसे डोळे. बेडकाने नळ गिळलाय, कुणीतरी म्हणालं, आणि चौकभर हशा पिकला. माणसं बेडूक बघत आणि मग खालचं नाव वाचत. मुलगी लाल झाली होती.

साहेबांनी कागद हातात उंच धरला, एकदा त्याच्याकडे आणि एकदा टाकीकडे बघितलं, आणि म्हणाले, की कागदावर सोनं होतं, रंगवणाऱ्याने माती केली. पेंटर याच वाक्याची अकरा दिवस वाट बघत होता. त्याने खिशातून टेप काढला.

"साहेब, हा टेप घ्या आणि वर चढा. सूतभर फरक निघाला तर हात तोडून देईन."

साहेब टेपपासून एक पाऊल मागे सरकले. पेंटरला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "ती बघा यांची मुंगी."

सगळ्यांच्या माना उजव्या कोपऱ्याकडे वळल्या. पेंटरची पण. बेडकाच्या पायाशी हातभर लाल मुंगी होती. ती कधी काढली हे त्याला आठवत नव्हतं. आणि ती बरोबर होती. डोकं मोठं केलेलं, कंबर ताणलेली, मिशा लांबवलेल्या, सगळं त्या उंचीला शोभेल असं. एवढ्या मोठ्या टाकीवर खालून नीट दिसणारी तेवढी एकच गोष्ट होती. टेप लावून मोजलं असतं तर तिच्यात मात्र फरक निघाला असता.

मुलीने मुंगीकडे बघितलं, मग बेडकाकडे, मग पुन्हा मुंगीकडे. तिला समजायला वेळ लागला नाही. ती हुशार होती, ते बेडकावरून आधीच दिसलं होतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. सायकल घेऊन ती निघून गेली.

पेंटरला बोलायचं होतं. चहाचं वळं, जिराफ, सराव करावा, सगळं त्याच्या तोंडाशी आलं. पण त्यातलं काहीही त्या मुलीने केलं नव्हतं, आणि ज्यांनी केलं होतं ते साहेबांच्या बाजूला उभे राहून मान हलवत होते. म्हातारा पेंटर आता संपला बिचारा, असं एक जण हळू आवाजात म्हणाला. ज्यांना कामातलं कळत होतं त्या दोघा-चौघांनी तेही म्हटलं नाही. ते नुसते त्याच्याकडे बघत होते, आणि ते बघणं त्याला सहन होईना. त्याने समोर बघितलं तर बायको गेलेली होती.

उद्याच्या उद्या सगळ्यावर पांढरा फिरवा, साहेबांनी हुकूम सोडला.

सकाळी पेंटर पुन्हा झुल्यावर चढला. मेहुण्याला वाटलं तो वरून सुरुवात करेल. रंग ओघळतो म्हणून तशीच पद्धत आहे. पेंटरने झुला खालच्या उजव्या कोपऱ्यात घ्यायला सांगितला आणि पहिला हात मुंगीवर मारला. लाल रंग चिवट असतो, पांढऱ्याखालून पुन्हा वर येतो. तो सुकेपर्यंत पेंटर तिच्यासमोर बसून राहिला, मग दुसरा हात दिला, मग तिसरा.

"अजून दिसतेय," मेहुणा खालून ओरडला. पेंटरने या वेळी त्याला गप्प बस म्हटलं नाही. त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.