छापा पडला तर 'हो'

इथे इस्रायलात, डिमोना गावी, चार मुंबईकर चहाला बसले की कुणीतरी म्हणतंच, "तो नाण्याचा किस्सा होऊन जाऊ दे!" अरे, कुठला सांगू? त्या एका आठवड्यात मी एवढी फजिती करून घेतली, की म्हातारपणच्या गप्पांची सोय झाली.

बेरशेबाच्या विद्यापीठातून एक प्रोफेसरबाई आल्या होत्या. घरोघर विचारायचं होतं, "मुंबईला परत जावंसं वाटतं का?" सरकारी ऑफिसात कळलं तर, म्हणून आमचे लोक घाबरणार! तर बाईंची युक्ती अशी : नाणं उडवायचं, ज्याचं त्यानंच बघायचं. छापा पडला तर मनात काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. म्हणजे 'हो' माणसाचा की नाण्याचा, कुणाला कळायचं नाही. मराठीत समजावायला मी! गिरणीतून रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

*

पहिलं घर शिमशोनकाकांचं. त्यांनी नाणं उडवलं आणि थेट माझ्या नाकासमोर धरलं. "बघ रे, छापा ना? चष्मा सापडत नाही."

"काका, मला दाखवायचं नाही!"

"मग कुणाला दाखवू? घरात दुसरं आहे कोण?"

*

रिबेकामावशी नाणं बघून भडकल्याच. "योम किपूर, पापांची माफी मागायचा दिवस, चार दिवसांवर आलाय आणि मला खोटं बोलायला लावतोस?"

"मावशी, खोटं नव्हे, पद्धत आहे ती."

"मग तूच बोल माझ्या वतीनं. तुझी पापं तशीही पुष्कळ आहेत, एकानं काय होतंय!"

*

एलियासभाऊंनी तीनदा नाणं उडवलं. म्हटलं, हे काय?

"काटा पडेना! मला खरं सांगायचंय. जायचंय मला परत! लिही, मोठ्या अक्षरांत लिही!"

आतून त्यांची मुलगी बापावर हिब्रूत ओरडली, "अबा, गप्प बस!" तोवर अख्ख्या जिन्यानं ऐकलं होतं.

*

संध्याकाळी ऐटीत बाईंना यादी दिली. त्यांनी कपाळाला हात लावला.

"नावं कशाला लिहिलीत?"

"उत्तरं कुणाची, ते विसरू नये म्हणून!"

*

शेवटच्या दिवशी शेवटचं घर आमचंच. बायकोला, सिपोराला, आई-बहिणींपासून तोडून इथे आणलं ते मीच. पंधरा वर्षं हाच प्रश्न माझ्या मनात. विचारायची छाती होत नव्हती. आज आयता कागद हातात होता.

तिनं नाणं उडवलं. ओंजळीआड बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हो."

मी घाईनं विचारलं, "छापा होता ना गं?"

"लिहा."

"अगं, निदान मला तरी दाखव!"

तिनं नाणं फळीवरच्या सिनेगॉगच्या दानाच्या डब्यात टाकलं. डबा अर्धा भरलेला. "तुम्हीच ना गावभर सांगत फिरलात, नाणं कुणाला दाखवायचं नाही म्हणून?"

आणि ती भात लावायला आत गेली. मी मूर्ख, डबा हलवून बघत बसलो!