व्याह्यांचा उजवा हात

सुरतेत यंत्राला भिणारी माणसं पुष्कळ सापडतील. पण यंत्रंच ज्याला भितात असा माणूस एकच, आणि तो माझा व्याही आहे. लिंबायतला त्यांच्या घरी गेलं की माझ्याआधी माझ्या स्कूटरची विचारपूस होते. त्यांच्या पोराच्या आणि माझ्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आली असताना हे मांडवातून गायब! जनरेटरचा आवाज फाटला म्हणून अक्षता मुठीत धरूनच मागे धावलेले. पोरावर पडायच्या त्यांच्या अक्षता शेवटी जनरेटरवर पडल्या. चाळीस वर्षं लूमच्या कारखान्यात ते मास्टर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तिथला त्यांचा मंत्र एकच: "आवाज बदलला की पहिलं हँडल खेचा, मग डोकं चालवा." लूम थांबवायला क्षणभर उशीर झाला तरी हातभर कापड वाया जातं, म्हणे.

विहीणबाईंना स्नायूंचा आजार जडला. फुप्फुसं धडधाकट, पण श्वास ओढणारे स्नायूच थकलेले. गळ्याला छेद न देता, रात्री नाकातोंडावर मास्क बांधून हवा आत ढकलणारं मशीन डॉक्टरांनी दिलं आणि व्याह्यांना नवी नोकरी लागली. रोज मास्क आधी स्वतःच्या मिशांवर चढवून पाच मिनिटं श्वास घेऊन बघायचे. एकदा दारात आलेली भाजीवाली तो अवतार बघून टोपली टाकून पळाली. बटणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझ्या लेकीलासुद्धा त्यांनी बजावलं होतं, "हाई कुकर नही, पोरी."

गेल्या हिवाळ्यात विहीणबाईंना साधी सर्दी झाली, पण खोकायलाही ताकद लागते आणि तीच नव्हती. कफ साठला. मास्क घटकाभरही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. दुपारी मी भेटायला गेलो. लेक आत पेज करत होती. एवढ्यात मशीनच्या लयीत फस्सकन काहीतरी घुसलं. मला ते नीट ऐकूही आलं नसेल, तोवर व्याह्यांचा उजवा हात बटणावर गेला होता.

मशीन बंद!

चाळीस वर्षांचं वळण ते. लूम थांबला की कापड वाचतं, पण इथे काय थांबलं होतं ते त्यांच्या हाताला कुठे ठाऊक? ते तर गुडघ्यांवर बसून नळी चाचपत होते. विहीणबाईंचे डोळे ताणले गेले. हात उचलायची शक्ती वर्षापूर्वीच संपलेली. ओठ काळवंडू लागले. मी ओरडलो, "अहो व्याही, मशीन!"

त्यांना वाटलं, मी बिघाड विचारतोय. "पाइप चिरायना शे, याही. दोन मिनिट."

दोन मिनिटं! आणि मी, बँकेत सगळी हयात घालवलेला शहाणा, जागचा हललो नाही. कारण त्या बटणाला हात लावायचा नाही, हे माझ्याही अंगात भिनलेलं. पेजेचा चमचा हातात घेऊन लेक धावत आली, सासऱ्यांच्या डोक्यावरून हात घालून तिनं बटण दाबलं आणि चिरलेल्या नळीवर मूठ आवळली.

"बाबा, कपाटात नवी नळी आहे. आणा!"

मी धडपडत नळी आणली. विहीणबाईंची छाती वर आली. थांबली. पुन्हा वर आली. दोन श्वासांच्या मध्ये लेकीनं नळी बदलली, आणि आम्ही तिघंही त्या छातीकडे बघत राहिलो. ओठांवर रंग परतला तेव्हा मला व्याह्यांचा भयंकर राग आला. चांगलं फैलावर घ्यावं म्हणून वळलो, तर ते जमिनीवर बसून आपल्या उजव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते. माझा राग तिथेच विरघळला.

संध्याकाळी त्यांनी लेकीला बोलावलं. "पोरी, बटन आते तुन्हाकडे. मना हात लूमना शे."

तेव्हापासून आवाज जरा बदलला की ते "पोरी!" म्हणून ओरडतात आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरतात. परवा गेलो तेव्हा तसेच बसले होते. विहीणबाईंना आता दिवसाही मास्क लागतो, आणि मशीनच्या एका श्वासात दोनतीन शब्दच बोलता येतात. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झायं... इतला वरीसमा... यासना हात... रिकामा झाया."

 मांडीखालचा हात काढून व्याह्यांनी तो बायकोच्या न उचलणाऱ्या बोटांखाली सरकवला, आणि मी निघेपर्यंत तिथून काढला नाही.