दोरी आचाऱ्याकडे

हा आचारी भित्रा होता आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. जिना उतरताना तो कठडा धरायचा, स्टोव्ह पेटवताना मान मागे घ्यायचा आणि गल्लीत कुत्रं दिसलं की लांबच्या रस्त्याने जायचा. असा माणूस दर वर्षी बर्फाच्या उंच डोंगरावर लोकांना रांधून घालायला जातो, हे ऐकून कुणालाही हसू यायचं. कारण मात्र साधं होतं. लोकांना डोंगरावर नेऊन आणण्याचा धंदा त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा होता आणि अक्काने लग्न झाल्या झाल्या त्याला बजावलं होतं, "तू जा रे त्यांच्याबरोबर. तू असलास की ते भलतं धाडस करायचे नाहीत. तू आधीच रडायला लागशील."

दाजी त्याला ससेराव म्हणत. पायाखालचा दगड हलला की ससेरावांना कडा कोसळल्यासारखं वाटे, आणि ढग आला की ते "संपलं आता!" म्हणून पातेली आवरायला घेत. शेकोटीभोवती दाजींचा ठरलेला विनोद होता, "ससेरावांचं ऐकलं असतं तर आपण अजून घराच्या जिन्यातच असतो." सगळे हसत, आचारीही हसे. पण त्यामुळे झालं असं, की त्याच्या भीतीला काही किंमतच उरली नाही. रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोण लक्ष देतो?

दाजी स्वतः वाटाड्या म्हणून नावाजलेले. त्यांची एक पद्धत होती. फार उंचावर हवा विरळ होते आणि एखाद्याच्या मेंदूला सूज येते. गंमत अशी, की ज्याला येते त्याला कळत नाही. तो म्हणतो, मी ठणठणीत आहे. पण पाय चुगली करतात. म्हणून दाजी रोज संध्याकाळी तंबूंसमोर एक निळी दोरी जमिनीवर सरळ ताणून धरत आणि प्रत्येकाला तिच्यावरून चालायला लावत, टाचेला चवडा चिकटवून, एकेक पाऊल. जो झुकला तो खाली. मग तो कितीही मोठा असो, रडो की भांडो. दोरीचं टोक दाजींच्या हातात असे. दाजींना त्या दोरीवरून कोणी चालवायचं, हे कुणाला कधी सुचलंच नव्हतं.

गेल्या वर्षी वरच्या तळावर सगळे दोरीवरून चालून झाले, आपापल्या तंबूत गेले आणि दाजी चहा घ्यायला आचाऱ्याच्या तंबूत आले. पाय फाकवून आले, होडीत चालावं तसे. किटली उचलली आणि चहा मगाच्या शेजारी ओतला. मग बटाट्याच्या पोत्यावर बसून अगदी घरच्यासारखं विचारलं, "अक्काने कपडे आत घेतले का रे? पाऊस येईल."

अक्का तिथून कितीतरी खाली, गावातल्या घरी होती. आणि बाहेर बर्फ होतं.

आचारी रात्रभर त्यांचा हात धरून बसला. नशिबाने पहाटे वारं सुटलं, वर जाणं आपोआप रद्द झालं आणि सगळे खाली आले. खाली येता येता दाजी पुन्हा पहिल्यासारखे झाले. आचारी गप्प राहिला. बोललं तर ऐकणार कोण? आणि ऐकलंच, तर अक्काच्या घरची चूल कशावर पेटणार?

ते सगळं वर्ष त्याने जीव मुठीत धरून काढलं. आणि आता नव्या मोहिमेची आखणी सुरू झाली.

आखणी व्हायची ती घराच्या वरच्या खोलीत. खिडकीत झोपायच्या पिशव्या उन्हाला टाकलेल्या, कोपऱ्यात बुटांचे ढीग, पलीकडच्या खोलीत अक्काचं शिलाई मशीन. फाटके तंबू ती तिथे शिवायची. टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि त्याच्या कोपऱ्यांवर आचाऱ्याचे डबे वजन म्हणून ठेवलेले होते. यंदाचा गट एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्या सगळ्यांच्या वतीने आल्या होत्या. आचारी खाली बसून स्टोव्हला पिन मारत होता.

"हा तळ्याकाठचा दुसरा दिवस," डॉक्टरीणबाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "नुसता बसून काढायचा ना? आमच्यातल्या दोघांना रजा मिळत नाहीये. तो गाळता आला तर जमतंय."

आचारी मनातल्या मनात हसला. उत्तर त्याला पाठ होतं. तो दिवस शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून असतो. दाजींनी भल्याभल्यांना सांगितलं होतं, डोंगर तुमच्या रजा बघून उभा नाही. आता बाईंनाही तेच ऐकायला मिळणार.

दाजींनी खोडरबर उचललं. "गाळू की. तळ्यावरून थेट वरचा तळ."

पिन आचाऱ्याच्या बोटात घुसली. बोट तोंडात धरूनच तो म्हणाला, "दाजी, तो दिवस काढायचा नाही."

"उठले ससेराव!" दाजी बाईंकडे बघून हसले. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो आमच्या मेहुण्याच्या पाठी बारमाही असतो. तुम्ही मनावर घेऊ नका. सूप मात्र फक्कड करतो."

"काढायचा नाही म्हणतोय ना!"

आवाज इतका चिरका निघाला, की त्याचा तोच दचकला. तो उठला. खुंटीवरची निळी दोरी काढून त्याने फरशीवर टाकली, एक टोक टेबलाच्या पायाखाली दाबलं आणि दुसरं हातात ताणून धरलं.

"चाला."

"काय?"

"चाला दाजी, हिच्यावरून."

दाजींनी भुवया उंचावल्या. मग उठून मांजरासारखे झरझर चालत गेले आणि टोकाला पोहोचल्यावर तसेच उलट पावली परत आले. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"झालं समाधान?"

"इथे चालालच. इथे तर मीसुद्धा चालतो," आचारी म्हणाला. "वर रोज संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तुम्ही चालायचं. दोरी मी धरणार. पाय चुकला तर खाली. आणि तो दिवस परत लिहा, नाहीतर मी येत नाही."

"येत नाही, येत नाही म्हणत तू दर वर्षी येतोस."

"दर वर्षी मी माझ्यासाठी भितो. यंदा तुमच्यासाठी भितोय."

पलीकडची मशीनची घरघर थांबली. दाजींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. आचारी बाईंकडे बघत होता आणि दाजी त्याच्याकडे. परक्या माणसासमोर तोंड उघडलं तर धंदा बसला, नाही उघडलं तर दाजी गेले, आणि त्यांच्या मागून चालणारेही. हातातलं दोरीचं टोक मात्र त्याने सोडलं नाही.

शेवटी दाजीच बोलले, अगदी हळू. "गेल्या वर्षी मी तुझ्या तंबूत चहाला आलो, तिथवर आठवतंय. पुढे एकदम सकाळच. मी काही बोललो का रे?"

"अक्काने कपडे आत घेतले का, म्हणालात. पाऊस येईल म्हणालात."

अक्का दारात उभी होती, हातात तंबूचं अर्धवट शिवलेलं कापड. "आणि हे तू मला आज सांगतोस?"

"रोज सांगणार होतो गं. जीभच उचलत नव्हती."

दाजी खुर्चीत बसले. क्षणात म्हातारे दिसायला लागले. "म्हटलं, पटकन वर जावं, पटकन खाली यावं. जितकं कमी राहू तितकं बरं. म्हणून तो दिवस..."

"घाबरला की माणूस घाई करतो, दाजी. माझा तर जन्म गेलाय त्यात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "हे मला आज कळलं नसतं तर?" त्यांनी विचारलं. मग पर्स उचलून त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "मी बाकीच्यांना सगळं सांगणार. यायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. पण तो दिवस परत लिहा. ज्यांना रजा नाही, ते येणार नाहीत. आणि तुम्ही चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्या. माझ्यासारख्या दातांच्या नव्हे, डोक्याच्या."

"डॉक्टर वर जाऊ नका म्हणाले, तर मी गटाला दुसरा वाटाड्या देईन," दाजी म्हणाले. हे वाक्य काढणं त्यांना किती जड गेलं, ते आचाऱ्याला आणि अक्कालाच कळलं.

बाईंची पावलं जिन्यावरून खाली गेली. त्या परत येतील की नाही, कुणी सांगावं? दाजींनी पेन्सिल घेतली आणि खोडलेल्या जागी तळ्याकाठचा दिवस पुन्हा लिहिला, जरा जास्तच दाबून.

आचारी दोरी गुंडाळायला बसला. वेटोळी पुन्हा पुन्हा सुटत राहिली. अक्काने येऊन दुसरं टोक धरलं. गुंडाळून झाल्यावर दाजींनी सवयीने हात पुढे केला. इतकी वर्षं ती त्यांच्याच पिशवीत असे. आचाऱ्याने दिली नाही. डोंगरावर न्यायच्या कुकरचं झाकण काढून त्याने ती आत ठेवली.

"आणि वर मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, तर?" दाजींनी विचारलं.

"म्हणालच."

"मी ओरडलो तर? माझा आवाज चढला की तू भांडी टाकून पळतोस."

"रडत रडत ओढून नेईन खाली."

अक्का हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. आचारी मात्र हसला नाही. आपण जे बोललो ते खरंच करावं लागेल, हे आता त्याच्या ध्यानात आलं होतं. बर्फात, वाऱ्यात, त्या धिप्पाड माणसाला. त्याने कुकरचं झाकण लावलं, मग उघडून दोरी आत आहे ना ते बघितलं, आणि परत लावलं.