नंबर माझा लिहून घ्या

परिषदेला जायचं तर ओळखी करायच्या, प्रश्न विचारायचे, नंबर घ्यायचे, असं मला सगळेच सांगत. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शकही सांगत. फक्त त्यांच्याबरोबर गेलं की यातलं काहीच करायला मिळत नसे. शोधनिबंधावर त्यांचं नाव आधी, माझं मागून, आणि वाचणार तेच. रीतच आहे म्हणे. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती, म्हणून मी मुकाट्याने रीत पाळत होते.

परभणीच्या त्या परिषदेत आमचा निबंध होता वालूरच्या जुन्या विहिरींवर. दोन उन्हाळे मी मानवतहून वालूरला जाऊन त्यांचं पाणी मोजलं होतं. सरांनी एकाही विहिरीत डोकावलं नव्हतं, पण वाचलं मात्र झोकात. मग पुण्याहून आलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापक बाईंनी विचारलं, गाळ काढल्यावर पाणी किती टिकलं? सर पडद्यावरची चित्रं मागेपुढे करून मोठ्या मनाने म्हणाले, हे माझी विद्यार्थिनी सांगेल. मी सांगितलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जेवणाच्या सुट्टीत प्रमाणपत्रांच्या टेबलाभोवती झुंबड उडाली. त्या बाई मात्र सरळ माझ्याकडे आल्या. मराठवाड्यातल्या विहिरींवर त्यांना प्रकल्प सुरू करायचा होता आणि त्यासाठी माणूस हवं होतं. त्यांनी मोबाइल काढून माझा नंबर विचारला, तेवढ्यात सर मध्ये आले.

"मॅडम, तिला काय विचारायलात? माझाच घ्या की. ती माझ्याकडंच हाय."

हसतच म्हणाले. गप्प बसले तर सही लवकर होईल, हे तिथं उभ्या उभ्या कळत होतं. पण संतापही आला होता.

"सरांचाही घ्या, मॅडम," मी म्हणाले. "पण विहिरी मी मोजल्यात. नंबर माझा लिहून घ्या."

एकेक आकडा सावकाश सांगितला. सर चहा आणायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

तेव्हापासून प्रबंध त्यांच्या टेबलावर पडून आहे. विचारायला गेले की मान वर न करता "बघतो" म्हणतात. पुण्याच्या बाईंनी माझ्यासाठी जागा ठेवली आहे, पण त्या जागेला पीएच.डी. लागते. त्या फोन करतात, सही झाली का विचारतात. अजून किती थांबाल, हे त्यांना विचारायचं धाडस मला होत नाही.