हरणाला एक तोळा, रेड्याला पावणेतीन

आफ्रिकेतल्या रानरेड्यावर कोणती गोळी झाडावी, हे एकदा मी ठरवलं होतं. मी शाकाहारी आहे. बंदूक मी फक्त बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर पाहिली आहे, आणि तेव्हाही मी पलीकडच्या बाजूने आत शिरतो.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता. गल्फमधल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात पाइप आणि फिटिंग्जच्या एका कंपनीत मी परचेस ऑफिसर होतो. राहायला शारजात. बायको शैला, नऊ वर्षांची मुलगी मुक्ता आणि त्या हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर आलेले माझे सासरे, तात्या. तात्या चंद्रपूरचे, वनखात्यातून निवृत्त. वाघाच्या गोष्टी सांगायला लागले की समोरच्याच्या हातातला चहा गार व्हायचा.

आमच्या मालकाला सगळे 'अरबाब' म्हणत. माणूस दिलदार, हिंदी फर्डं. तात्यांच्या व्हिसाच्या कागदावर सही करताना त्याने सहज विचारलं होतं, "ससुर क्या करता था?"

"फॉरेस्ट में थे, अरबाब. जंगल, टायगर वगैरह."

सगळा घात त्या 'वगैरह'ने केला!

महिन्याभराने अरबाबने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक जाडजूड कॅटलॉग आणि आफ्रिकेहून आलेला फॅक्स. अरबाब आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या शिकारीला निघाला होता. परवाने, रायफली, गोळ्या, सगळं तिकडचा गाइडच पुरवणार होता. त्याला फक्त कळवायचं होतं की हरणांसाठी कोणत्या गोळ्या काढून ठेवू आणि रानरेड्यासाठी कोणत्या.

"तू चूज कर," अरबाब म्हणाला.

"मैं? अरबाब, मैं तो पाइप..."

"पाइप का थिकनेस समझता है ना? गोली भी समझेगा. और घर में शिकारी ससुर बैठा है. कल फॅक्स भेज दो. यल्ला!"

(इथे 'माझे सासरे शिकारी नाहीत' असं म्हणायला मला अडीच सेकंद मिळाले होते. तात्यांच्या व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची होती, म्हणून ते मी गप्प राहण्यात घालवले.)

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग उघडला. तात्यांनी चष्मा पुसला, भिंग मागवलं, आणि एखादा सर्जन पोट उघडतो तसं पहिलं पान उघडलं.

"हे एकशे ऐंशी ग्रेन काय आहे, तात्या?"

"ग्रेन म्हणजे धान्य, जावईबापू. एकशे ऐंशी दाणे."

"कशाचे?"

तात्या क्षणभर थबकले. "गव्हाचे असतील. तांदळाचं वजन भरत नाही."

मी खरोखरच डब्यातून गहू काढून एकशे ऐंशी दाणे मोजायला बसलो. बी.कॉम. माणूस! एकशे बाराव्या दाण्याला मुक्ता आली. "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"हरणासाठी गोळी निवडतोय."

"दॅट्स सो मीन! व्हॉट डिड द डिअर डू टु यू?"

या प्रश्नाने मोजणी चुकली. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. तेवढ्यात शैला पोळ्या टाकून बाहेर आली. गव्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि फ्रिजवरचं सराफाच्या दुकानाचं छोटं कॅलेंडर घेऊन आली. त्याच्या मागे सोन्याच्या वजनांचा तक्ता होता.

"हे वाचा. एक तोळा बरोबर एकशे ऐंशी ग्रेन."

"म्हणजे गोळी एका तोळ्याची?"

"अगदी मापात! आणि रेड्याची किती आहे?"

"पाचशे ग्रेन."

शैलाने डोळे मिटून हिशोब केला. सोन्याच्या बाबतीत तिला कॅल्क्युलेटर लागत नाही. "पावणेतीन तोळे आणि वर दोन-तीन गुंजा. अहो, त्या रेड्याचं नशीब बघा! ओळख ना पाळख, आणि तुमचा अरबाब त्याच्या अंगावर पावणेतीन तोळे घालतोय. इथे दहा वर्षं संसार करून माझ्या अंगावर काय घातलंत? जबाबदारी!"

मी घाईघाईने पुढच्या पानावर गेलो. पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. गोळ्या दोन जातींच्या, मऊ टोकाच्या आणि पूर्ण टणक. मऊ गोळी आत शिरली की अळंबीसारखी फुलते, असं चित्रासकट दिलं होतं. टणक गोळी वाकत नाही, फुलत नाही, सरळ जाते.

"हरणाला टणक, रेड्याला मऊ," तात्यांनी निकाल दिला.

"उलटं नको का? रेडा केवढा मोठा!"

"म्हणूनच! त्याच्या कातड्यावर टणक गोळी आपटून परत येते. आम्ही पाहिलं आहे नं. तुम्ही काहून घाबरता जावईबापू? लिहा."

मी लिहिलं. एकाही आकड्याबद्दल गैरसमज नको म्हणून (परचेसची शिस्त!) इंग्रजीत, स्वच्छ टाइप करून: हरिण, एक तोळा, टणक. रानरेडा, पावणेतीन तोळे, मऊ. ग्रेन लिहायचं राहून गेलं. आम्ही दोन तास तोळ्यांतच बोलत होतो हो! दुसऱ्या दिवशी फॅक्स गेला आणि आठवड्याने अरबाबही गेला.

तो गेल्यावर दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी गेटवरच्या खानचाचांना ही कथा ऐकवली. खानचाचा आमचे वॉचमन, पेशावरच्या बाजूचे पठाण, तरुणपण डोंगरात बंदूक घेऊन काढलेलं. मी मोठ्या ऐटीत सांगत होतो. त्यांनी हातातली रोटी खाली ठेवली.

"साब, ये तो उल्टा लिख दिया."

"मतलब?"

"हिरन को नरम गोली. अंदर जाके खुलता है, जानवर वहीं गिरता है, तडपता नहीं. भैंसे का हड्डी मोटा, उसको सख्त. नरम मारेगा तो गोली ऊपर ही फूल जाएगा, भैंसा गुस्सा होगा. फिर भैंसा बंदूक नहीं देखता, आदमी देखता है."

माझ्या डोळ्यांसमोर अरबाब आला. पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यात, धावताना. मागे रेडा.

मी तसाच घरी आलो. "तात्या! तुम्ही नक्की पाहिलं होतं ना? रेडा, गोळी, आपटून परत येताना?"

तात्या भिंग शोधायला लागले. शैला म्हणाली, "तात्या, बोला ना."

तात्यांनी चष्मा काढला. "शैला, मी हेडक्लार्क होतो गं. डिव्हिजन ऑफिसात. छत्तीस वर्षं."

"मग तो वाघ? नदीवर समोरासमोर आलेला?"

"वाघ खरा होता. समोर साहेब होते. मी त्याचा रिपोर्ट टाइप केला, तीन प्रतींत." आवाज अगदी लहान झाला होता. "तू लहान होतीस. रोज विचारायचीस, जंगलात काय पाहिलं? फायली पाहिल्या असं कसं सांगू?"

शैलाने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला. मला मात्र गहिवरायला फुरसत नव्हती. अरबाबला काही झालं तर व्हिसाच्या मुदतीचं राहू दे, मी कोणत्या तोंडाने त्याच्या घरच्यांसमोर उभा राहणार होतो? मी ऑफिसात पळालो आणि दुसरा फॅक्स केला: 'अतितातडीचे. रेड्याला मऊ चालणार नाही. टणकच हवी. जीवनमरणाचा प्रश्न.' उत्तर नाही. फोन लावला, तर तिकडच्या बाईने सांगितलं, साहेब रानात आहेत. रानात फोन नाही. रेडे मात्र आहेत!

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तात्या सकाळ-संध्याकाळ मारुतीस्तोत्र म्हणत. मुक्ताने मला न विचारता वर्गात सांगून टाकलं, "माय डॅड मेड अ मिस्टेक, सो अ बफेलो इज चेसिंग हिज बॉस."

दहाव्या दिवशी अरबाब ऑफिसात आला. दोन पायांवर. दोन्ही हातांसकट! मी केबिनमध्ये घुसलो आणि एका दमात सगळं ओकलो: हेडक्लार्क, गहू, तोळा, उलटसुलट.

अरबाब ऐकता ऐकता हसायला लागला, ते थांबेचना. "हबीबी, तेरा लिस्ट किसी ने यूज ही नहीं किया!"

झालं होतं असं. गाइडला 'तोळा' म्हणजे काय ते कळेना. तो गावातल्या गुजराती दुकानदाराकडे फॅक्स घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, तोळा? ते तर सोन्याचं माप! गाइडची खात्री पटली की गल्फच्या या शेखला सोन्याच्या गोळ्या हव्यात. आणि दुसरा फॅक्स गावातून कॅम्पावर पोचल्यावर त्याने अरबाबला अत्यंत अदबीने विचारलं होतं, "शुद्ध सोनं मऊ, ते नको म्हणता, मग अठरा कॅरेट चालेल?"

शेवटी त्याने स्वतःच्याच अनुभवाने नेहमीच्या, योग्य गोळ्या दिल्या. कॅम्पातले झाडून सगळे लोक मात्र सोन्याच्या बक्षिसाच्या आशेने अरबाबला दिवसातून वीस वेळा सलाम ठोकत होते.

"अल्हम्दुलिल्लाह!" मी म्हणालो. "तो शिकार अच्छा हुआ?"

अरबाबचं हसू थांबलं. त्याने उठून केबिनचं दार लावलं.

"किसी को बोलना नहीं. एक भी नहीं लगा. हिरन भी नहीं. भैंसा तो खडा था, फोटो के माफिक. फिर भी नहीं."

तो परत खुर्चीत बसला.

"मजलिस में सब पूछेगा," तो म्हणाला. "मैं क्या बोलूँ?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने ड्रॉवरमधून तात्यांच्या व्हिसाची मुदत वाढवण्याचा अर्ज काढला, सही केली आणि हळूच माझ्याकडे सरकवला.

"बोल दीजिए," मी म्हणालो, "परचेस ऑफिसर ने गोली गलत चूज किया."

"खलास?"

"खलास."

तात्या आणखी महिनाभर राहिले, आणि मुक्ताला रोज फायलींच्या गोष्टी सांगत राहिले. (त्या तिला वाघापेक्षा जास्त आवडल्या!) माझं नाव मात्र उम्म अल कुवैनच्या साऱ्या मजलिसींत, म्हणजे शेखांच्या बैठकींत, पोचलं. आजही मी तिथून गेलो की एखादे म्हातारे शेख मला हाक मारून आत बसवतात, कहवा पाजतात आणि आपल्या नातवंडांना दाखवून सांगतात, "या माणसाला नीट पाहून ठेवा, आणि याचा सल्ला कधीही घेऊ नका."

मी घरी येऊन तक्रार केली. शैला म्हणाली, "बघा! जे मला लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं, ते त्या मुलांना कहवा संपायच्या आत कळलं!"